मीलवर्म आणले, पण पक्षी ढुंकूनही बघत नाही

मागच्या अंकात बागेतल्या पक्ष्यांना काय घालावं यावर चार ओळी काय लिहिल्या, या महिन्यात निम्मे प्रश्न जिवंत अळ्यांचेच आलेत, आणि त्यातले बरेचसे इंग्लंडातून, कारण तिकडे हा प्रकार घरोघरी चालतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मीलवर्म म्हणजे टेनेब्रिओ मोलिटर नावाच्या काळ्या भुंगेऱ्याची अळी, पिवळसर तपकिरी, साधारण इंचभर लांब, गव्हाच्या कोंड्यात वाढते. तिकडे ती पक्ष्यांसाठी म्हणूनच विकतात, आपल्याकडे अक्वेरियमच्या दुकानात माशांचं खाद्य म्हणून मिळते.

प्रश्न: ताई, आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो, मागे छोटंसं गार्डन आहे. एक रॉबिन, तो लाल छातीचा छोटा पक्षी, रोज येतो, लेकीचा फार लाडका. त्याच्यासाठी ऑनलाइन जिवंत मीलवर्म मागवले, सकाळी फ्रिजमधून काढून बर्ड टेबलवर बशीत ठेवले तर हा शेजारचे सूर्यफुलाचे दाणे खाऊन जातो, अळ्यांकडे बघतही नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस पडला, निम्म्या बुडून मेल्या, निम्म्या गायब. नवरा म्हणतो पैसे पाण्यात गेले. काय करू?

उत्तर: अगं, उत्तर तुझ्याच पत्रात आहे, "फ्रिजमधून काढून". थंडीत मीलवर्म आखडून पडतो, हलत नाही, आणि न हलणारी अळी पक्ष्याच्या दृष्टीने वाळकी काडी. रॉबिन शिकार शोधतो ती हालचालीवरून, झुडपाच्या खालच्या फांदीवर बसून जमिनीकडे बघत राहतो आणि काही वळवळलं की टुपकन खाली. म्हणून घालायच्या आधी तेवढ्याच अळ्या बाहेर काढ, दहा मिनिटं घरात ठेव, चांगल्या वळवळायला लागल्या की मग बाहेर ने. कडाक्याची थंडी असेल तर बाहेर गेल्यावर त्या पुन्हा गारठतात, तेव्हा बशी भरून ठेवण्यात अर्थ नाही, थोड्या थोड्या घाल.

दुसरं म्हणजे जागा. बर्ड टेबल हा टिट आणि फिंच या छोट्या पक्ष्यांचा अड्डा, रॉबिन आणि ब्लॅकबर्ड हे मुळात जमिनीवर खाणारे. बशी खाली ठेव, झुडपापासून साधारण दोन मीटरवर, म्हणजे काही झालं तर त्याला पटकन आत घुसता येतं पण मांजर झुडपात दबा धरून बसली तर तिला एका उडीत गाठता येत नाही. बशी काचेची किंवा गुळगुळीत चिनी मातीची हवी, काठ दोन इंच तरी उभा, गुळगुळीत भिंतीवर मीलवर्मला चढता येत नाही. तुझ्या गायब झालेल्या निम्म्या अळ्या पसरट बशीतून चालत गेल्या असणार, त्यांना अंधार हवा असतो, टेबलाच्या फटीत नाहीतर गवतात शिरल्या की संपलं. बशी गडद रंगाची असली तर फिकट अळी उठून दिसते. पावसासाठी वर काहीतरी आडोसा कर, उलटी कुंडी दोन विटांवर टेकवलीस तरी चालेल, तळाला पाणी साचलं की त्या बुडून मरतातच आणि मेलेल्या अळ्या घालायच्या नसतात, काळ्या पडलेल्या, लिबलिबीत अळ्यांतून साल्मोनेलासारखे आजार पक्ष्यांना होऊ शकतात.

इथे एक सांगते कारण यात खूप जण फसतात. डब्यात पातळ पारदर्शक सालं दिसतात, त्या मेलेल्या अळ्या नाहीत, कात टाकलेली असते. मध्येच एखादी पांढरी मऊ अळी दिसते, तिने नुकतीच कात टाकलेली असते, तीही चांगली. आणि वाकडं, पांढरट, पाय पोटाशी घेऊन पडलेलं काहीतरी दिसलं तर तो कोष, पक्षी तोही आवडीने खातात. लोक हे सगळं वेचून फेकून देतात आणि मग म्हणतात माल खराब निघाला.

आता त्याला सवय कशी लावायची. तो सूर्यफुलाचे दाणे खातो ना, मग तेच आमिष. तेच दाणे थोडेसे नव्या बशीत टाक आणि वर चार-पाच अळ्या, रोज एकाच वेळी, शक्यतो उजाडताना. रॉबिनचे डोळे मोठे असतात, कमी उजेडात त्याला छान दिसतं, बाकीचे पक्षी यायच्या आधी आणि ते गेल्यावर संध्याकाळी तो खात असतो, ती वेळ त्याची. नवीन वस्तू दिसली की पक्षी आधी लांबूनच बघतो, एक-दोन दिवस बशीकडे फिरकणार पण नाही, तेव्हा लगेच जागा बदलू नकोस, जागा बदलली की त्याची बिचाऱ्याची पहिल्यापासून सुरुवात. एकदा पहिली अळी उचलली की दाणे हळूहळू कमी कर.

याहून सोपा उपाय म्हणजे फावडं. वाफा खणायला घे, ओल्या मातीवर चार अळ्या टाक आणि दोन पावलं मागे हो. माणूस माती उकरतो तिथे किडे निघतात हे ब्रिटनमधल्या रॉबिनला पक्कं माहीत असतं, पूर्वी जंगलात रानडुकरं जमीन उकरायची त्यांच्या मागे हे फिरायचे असं सांगतात. गंमत म्हणजे युरोपात इतरत्र हाच रॉबिन बराच लाजरा आहे, जंगलात राहतो, माणसाच्या पायात येत नाही. लेकीच्या हातावर बसवायचा असेल तर आधी बशीजवळ रोज थोडं थोडं जवळ जाऊन गप्प बसायचं, मग बशीशेजारी तळहात जमिनीला टेकवून त्यावर अळ्या ठेवायच्या, बोटं हलवायची नाहीत. थंडीत, जमीन गोठलेली असताना हे लवकर जमतं. किती दिवस लागतील ते तो रॉबिन ठरवणार, लेकीला आधीच सांगून ठेव.

एका वेळी दहा-पंधरा पुरे. आणि बशी रोज धू, स्वयंपाकघरातला ब्रश वापरू नकोस. हे मी उगाच सोवळं पाळायला सांगत नाहीये. 2005 पासून ब्रिटनमध्ये ट्रायकोमोनोसिस हा आजार ग्रीनफिंचमध्ये पसरला, घाणेरड्या खाद्यातून आणि पाण्यातून पसरतो, आणि इतके ग्रीनफिंच गेले की 2021 मध्ये ते धोक्यातल्या पक्ष्यांच्या रेड लिस्टमध्ये गेले. आरएसपीबी या ब्रिटनमधल्या पक्षीसंरक्षण संस्थेने 2025 च्या सुरुवातीला सपाट बर्ड टेबलची विक्री थांबवली ती याच काळजीने. तेव्हा ते टेबल तसंही काढलंस तरी चालेल.

प्रश्न: स्लाऊहून लिहितोय. आमच्याकडे उलट आहे, मीलवर्म ठेवले रे ठेवले की स्टार्लिंगची टोळी उतरते आणि दोन मिनिटांत बशी साफ, ब्लॅकबर्ड नुसता बघत राहतो. यांना हाकलायचं कसं?

उत्तर: हाकलू नका हो, स्टार्लिंगही ब्रिटनच्या रेड लिस्टमध्येच आहे, टोळी दिसते म्हणून भरपूर आहेत असं नाही. जाळीचा पिंजरा मिळतो, त्याच्या आत बशी ठेवली की रॉबिन, टिट, चिमण्या आत जातात आणि स्टार्लिंग बाहेर राहतो, पण मग तुमचा ब्लॅकबर्डही बाहेरच राहणार, तो स्टार्लिंगपेक्षा मोठा. म्हणून तुम्हाला पिंजरा उपयोगाचा नाही. दोन जागा करा. टोळीला उघड्यावर, लॉनच्या मध्ये, तिथे त्यांना आवडतं. ब्लॅकबर्डला कुंपणाच्या कडेला, पाचोळ्यात, बशी वगैरे काही नको, पाचोळ्यावर पाच-सहा अळ्या टाका, तो पानं उलटीपालटी करत शोधतोच, तेच त्याचं रोजचं काम. कोरडा उन्हाळा असेल तेव्हा तर नक्की टाका, जमीन कडक झाली की गांडुळं खोल जातात आणि ब्लॅकबर्डची पिल्लं उपाशी राहतात.

प्रश्न: ताई, थोडा नाजूक विषय आहे. आम्ही लेस्टरला. घरात कडक शाकाहार. सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्यात आणि फ्रिजमध्ये अळ्यांचा डबा बघून त्यांनी दोन दिवस फ्रिजमधलं दूध घेतलं नाही. मला पक्ष्यांना खायला घालायचंच आहे. मधला मार्ग सांगा.

उत्तर: सासूबाईंच्या बाजूने आहे मी, आधीच सांगते. दुधाशेजारी अळ्या मलाही नको वाटतील. मीलवर्मला फ्रिज लागतोच असं नाही, आठ-दहा अंशाची गार जागा पुरते, तिकडे वर्षातले कितीतरी महिने शेड नाहीतर गॅरेज तेवढं गारच असतं. गुळगुळीत प्लॅस्टिकचा डबा, झाकणाला बारीक भोकं, तळाला दोन बोटं कोंडा किंवा ओट्स, आणि पाण्याऐवजी गाजराची फोड. पाण्याची वाटी ठेवायची नाही, बुडतात. गाजर दोन दिवसांनी बदलायचं, बुरशी आली की अख्खा डबा जातो. उन्हाळ्यात थोड्याच मागवा आणि पटकन संपवा.

पण तुमच्या पत्रात तुम्ही विचारलं नाहीये तेच जास्त महत्त्वाचं आहे. अळ्या नको म्हणून पुष्कळ जण सुएटचे गोळे आणतात, ते शाकाहारी वाटतात, दिसायला लाडवासारखे. सुएट म्हणजे प्राण्याची चरबी, आणि बहुतेक वेळा गाईची. पाकीट वाचून घ्या, वनस्पती तुपाचे मिळतात. नाहीतर सासूबाईंना कळलं तर तुमच्या अळ्या बऱ्या म्हणायची वेळ येईल.

अजिबात जिवंत काही नको असेल तर रॉबिनला किसलेलं सौम्य चीज, बारीक केलेले सूर्यफुलाचे दाणे, ब्लॅकबर्डला सफरचंदाच्या फोडी. बेदाणे भिजवून देतात पण घरात किंवा शेजारी कुत्रा असेल तर नको, कुत्र्याला बेदाणे विषारी असतात. शेव, फरसाण, खारे दाणे अजिबात नाही, मीठ त्यांना झेपत नाही. शिळ्या पोळीचा चुरा चिमूटभर ठीक, पण त्यात पोट भरण्यापलीकडे काही नाही.

वाळवलेले मीलवर्म मिळतात ते सासूबाईंना कदाचित चालतील, वळवळत तरी नाहीत. एप्रिल ते जुलै ते कोमट पाण्यात अर्धा तास भिजवूनच द्या. जिवंत अळीत साधारण साठ टक्के पाणी असतं आणि घरट्यातल्या पिल्लांना पाणी मिळतं ते खाण्यातूनच, सुक्या अळ्या आईने नेऊन भरवल्या तर पिल्लं तहानलेली राहतात.

प्रश्न: नमस्कार. कोथरूडला टेरेस गार्डन आहे, जास्वंद, कढीपत्ता, दोन मोठे कंपोस्टचे ड्रम. दयाळ रोज पहाटे पाण्याच्या टाकीवर बसून गातो. यूट्यूबवर परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघून अक्वेरियमच्या दुकानातून मीलवर्म आणले, पण मुंग्या लागल्या, मग कावळे आले, दयाळ काही खाली उतरला नाही. दुकानदार म्हणाला सुपरवर्म घ्या, मोठे असतात, लांबून दिसतील. घेऊ का? आणि अळी पोटात जाऊन पक्ष्याला आतून कुरतडते म्हणून डोकं चिरडून द्यायचं असं कोणीतरी सांगितलं, ते खरं का?

उत्तर: शेवटच्यापासून सुरू करते. कुरतडते वगैरे खोटं आहे, पक्षी अळी गिळायच्या आधी चोचीत धरून तिचा निकाल लावतो, आणि पोटात गेल्यावर उरलंसुरलं तिथे संपतं. डोकी चिरडत बसू नका. सुपरवर्म नको, ती वेगळ्याच भुंगेऱ्याची अळी, जाड, कडक सालीची, माशांना ठीक आहे.

मुंग्यांवर उपाय तुमच्या आजीच्या स्वयंपाकघरात आहे, दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायची ना, तसंच. पसरट कुंडीची ताटली, त्यात बोटभर पाणी, मध्ये वाटी. ऊन लागायला नको, मीलवर्म पंचवीस-सत्तावीस अंशात खूश असतात, एप्रिलमध्ये पुण्याच्या गच्चीवर दहानंतर वाटी तापली की गेल्या.

कावळ्यांचं म्हणाल तर वाटी उघड्यावर ठेवलीत म्हणून आले. जास्वंदीच्या दाट फांद्यांखाली ठेवा, कावळ्याला तिथे पंख पसरून उतरायला अडचण वाटते, दयाळाला तेच हवं असतं. साळुंक्या येतील, बुलबुलही येईल, येऊ देत, सुरुवातीला त्यांना खाताना बघूनच दयाळ धीर करेल. दाणे मात्र शेजारी टाकू नका, इंग्लंडवाल्यांना मी दाण्यांचं आमिष लावायला सांगितलं ते तिकडच्यासाठी. तुमच्याकडे दाणे म्हणजे पारवे, आणि पारवे एकदा आले की गच्ची त्यांची, सोसायटीची मीटिंग, आणि पुढचं सगळं. दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून 2025 मध्ये केवढा वाद झाला ते आठवतंय ना. पारव्यांना जिवंत अळ्यांत रस नसतो, तेवढं आपलं नशीब.

दयाळ आणि तो इंग्लंडचा रॉबिन, दोघं एकाच माशीमार कुळातले, खाण्याची पद्धतही तीच, खालच्या फांदीवर बसायचं, बघायचं, उतरायचं. तेव्हा त्याला उतरायला गुडघ्याएवढ्या उंचीवर एक फांदी किंवा काठी हवी, कुंडीत आडवी काठी खोचा. टाकीवरून थेट जमिनीवर तो येणार नाही.

आणि आता मला राहवत नाहीये म्हणून विचारते, दोन कंपोस्टचे ड्रम असताना अळ्या विकत कशाला? ओल्या कचऱ्यात त्या करड्या, चपट्या, जाड अळ्या होतात, विशेषतः पावसाळ्यात, ज्या बघून लोक कंपोस्ट करणं सोडून देतात, त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. त्यांच्यात कॅल्शियम भरपूर असतं, मीलवर्ममध्ये ते फारच कमी, म्हणून तर पिल्लांना नुसत्या मीलवर्मवर वाढवायचं नसतं, हाडं कच्ची राहतात. एक घमेलं घ्या, ड्रममधलं तयार होत आलेलं खत त्यात पसरा, जास्वंदीखाली ठेवा आणि वरचा थर काडीने हलवून बाजूला व्हा. अळ्या उजेड टाळायला आत शिरतात, त्या धावपळीतच दयाळाला दिसतात. मार्च ते जुलै त्याची पिल्लं असतात, तेव्हा दिवसभर फेऱ्या चालू राहतील, मादी करड्या रंगाची असते, तिला दुसरा पक्षी समजू नका.

हां, जास्वंदीवर मिलीबग होतो म्हणून औषध मारत असाल तर यातलं काहीच करू नका, आधी फवारणी थांबवा. साबणाचं पाणी वापरा. विषारी किडा चोचीत घेऊन तो पिल्लाला भरवणार, त्यापेक्षा अळ्या न घातलेल्या बऱ्या.

प्रश्न: नाशिक. अंगणात बुलबुलचं पिल्लू पडलंय, उडता येत नाही. मुलांनी बुटांच्या खोक्यात ठेवलंय, दूध-पाव देतोय, खात नाही. मीलवर्म देऊ का? लवकर सांगा प्लीज.

उत्तर: या प्रश्नाला मेलवर लगेच कळवलं होतं, बाकीच्यांसाठी इथे देते. दूध बंद, पक्ष्यांना दूध पचत नाही. चोचीत ड्रॉपरने पाणीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. पिल्लाला पिसं आली असतील, फांदीला पकडून बसत असेल, तर ते पडलेलं नाहीये, घरट्यातून बाहेर पडून उडायला शिकतंय, आईबाप जवळच ओरडत असतील. जवळच्या झुडपात, मांजरीला पोचता येणार नाही अशा उंचीवर ठेवा आणि सगळ्यांनी घरात जा. तुम्ही उभे असेपर्यंत आई येणार नाही. माणसाने हात लावला की आई टाकून देते हे खरं नाही. पिसं नसतील तर घरटं शोधून परत ठेवा, घरटं मोडलं असेल तर छोटी टोपली त्याच फांदीला बांधा.

जखमी असेल तर वनविभागाची हेल्पलाइन 1926, तिथे फोन करा. घरी पाळायचं नाही, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी पिल्लाला दिवसभर थोड्या थोड्या वेळाने भरवावं लागतं, मुलांची शाळा, तुमचं ऑफिस, जमणार नाही. नुसत्या मीलवर्मने भागत नाही ते वर कॅल्शियमच्या बाबतीत सांगितलंय.

प्रश्न: नागपूरहून. माशांसाठी आणलेले मीलवर्म उरलेत, काहींचे भुंगेरे झालेत. बागेत सोडून देऊ? पक्षी खातील ना?

उत्तर: सोडू नका. हा साठवलेल्या धान्यातला, पिठातला किडा आहे, बागेतून तुमच्या कोठीत यायला त्याला वेळ लागणार नाही, एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते. जिवंत अळ्या काठ असलेल्या वाटीत ठेवून पक्ष्यांना घाला, भुंगेरेही सातभाई आणि साळुंक्या खातात, शेजारी कोणाकडे कोंबड्या असतील तर त्यांना द्या, सगळ्यात आधी संपतील. राहिलेला कोंडा पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, अंडी मरतात, मग खतात टाका. फ्रीझरमध्ये ठेवायला घरातले तयार होतील का, ते मात्र लेस्टरच्या बाईंना विचारा.